छपाईच्या कोटेशनमधले शब्द नेमकं काय सांगतात?

प्रश्न थोडक्यात असा: मालवणजवळ दोन खोल्यांचा होमस्टे आहे, जोडीला घरचं कोकम सरबत आणि हंगामात हापूस. होमस्टेचं माहितीपत्रक, सरबताच्या बाटलीचं लेबल आणि डझनभर आंब्यांचा बॉक्स ऑनलाइन ऑर्डर देऊन छापून घ्यायचा आहे. तीन ठिकाणांहून कोटेशनं आली, तिन्हींचे दर वेगळे आणि शब्द अनोळखी. माहितीपत्रकासाठी आलेली एक ओळ तुम्ही जशीच्या तशी दिली आहे: ‘ए४ ओपन, ट्रायफोल्ड, १७० जीएसएम ग्लॉस आर्ट, ४+४, मॅट लॅम बोथ साइड, १००० नग, जीएसटी व फ्रेट एक्स्ट्रा, डिस्पॅच ५-७ वर्किंग डेज आफ्टर अप्रूव्हल.’ याचा अर्थ काय, आणि खरा स्वस्त दर कुठला, असं तुम्ही विचारता.

या ओळीतला प्रत्येक शब्द ही प्रेसला दिलेली सूचना आहे. जी गोष्ट तुम्ही लिहिली नाही ती प्रेसवाला ठरवतो, आणि त्या दिवशी मशीनवर जे चढलेलं असेल त्याच्या सोयीने ठरवतो. त्यामुळे दर बघण्याआधी तिन्ही कोटेशनं शब्दाला शब्द सारखी करून घ्या. एकाने १७० जीएसएम धरलाय आणि दुसऱ्याने १३०, एकाने लॅमिनेशन दोन्ही बाजूंना धरलंय आणि दुसऱ्याने एकाच, तर त्या दरांची तुलना होऊच शकत नाही. आता ओळीतला एकेक शब्द घेऊ.

‘ए४ ओपन’ म्हणजे घडी उघडल्यावर कागद ए४, म्हणजे २१० × २९७ मिमी. नुसतं ‘ए४’ लिहिलं की घोळ होतो, कारण काहीजण घडी घातलेला आकार धरतात. ट्रायफोल्ड म्हणजे दोन घड्या, तीन पानं, पुढून-मागून मिळून सहा बाजू. इथे डिझाइन करणारे हमखास चुकतात: २९७ ला तीनने भागून ९९-९९-९९ अशी पानं पाडतात. आत दुमडलं जाणारं पान इतरांइतकंच रुंद असेल तर ते घडीत अडतं, फुगतं आणि सगळं पत्रक वाकडं बसतं. म्हणून ते पान ९७ आणि उरलेली दोन १००-१०० मिमी ठेवतात. बाहेरच्या बाजूला डावीकडून ९७, १००, १०० (आत जाणारं पान, मागचं कव्हर, पुढचं कव्हर) आणि आतल्या बाजूला उलट, १००, १००, ९७. झेड घडी हवी असेल तरच तिन्ही पानं सारखी.

कोटेशनमध्ये नसलेला पण सगळ्यात जास्त जॉब बिघडवणारा शब्द म्हणजे ब्लीड. मोठ्या शीटवर छापून गठ्ठा कटिंग मशीनखाली जातो, तेव्हा कात्री अर्धा-एक मिलिमीटर इकडे-तिकडे होतेच. तुमच्या समुद्राचा फोटो बरोबर २१० × २९७ वर संपत असेल तर काही प्रतींना कडेला पांढरी रेघ दिसणार. यावर उपाय म्हणजे चारी बाजूंना ३ मिमी जादा चित्र. म्हणजे फाइल २१६ × ३०३ ची. तेवढंच आतल्या बाजूलाही सांभाळायचं: फोन नंबर, लोगो, मजकूर कटिंगच्या रेषेपासून किमान ४-५ मिमी आत. यालाच सेफ एरिया म्हणतात. कडेने बारीक चौकट काढण्याचा मोह टाळा. कटिंग अर्धा मिमी सरकलं तरी चौकट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दिसते, आणि डोळा नेमका तिथेच जातो. फाइल कॅनव्हात केली असेल तर डाउनलोड करताना पीडीएफ प्रिंट निवडा आणि क्रॉप मार्क्स व ब्लीडच्या पर्यायावर खूण करा. मात्र आधी चित्र पानाबाहेर ओढलेलं हवं, नाहीतर ब्लीडच्या जागी पांढरंच येतं.

‘१७० जीएसएम ग्लॉस आर्ट.’ जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन. झेरॉक्सचा कागद ७०-८०, हातपत्रिका ९०-१३०, चांगलं माहितीपत्रक १३०-१७०, व्हिजिटिंग कार्ड ३००-३५०. जीएसएम म्हणजे जाडी असं समजू नका. आर्ट पेपरवर लेप असतो, तो दाबून गुळगुळीत केलेला असतो, त्यामुळे त्याच जीएसएमचा मॅपलिथो, म्हणजे लेप नसलेला साधा छपाईचा कागद, हाताला जाड लागतो. सांगितला तोच कागद आला का हे घरी तपासता येतं. ए४ हा चौरस मीटरचा सोळावा भाग. एका ए४ कागदाचं वजन ग्रॅममध्ये घेऊन १६ ने गुणा, आला जीएसएम. १३० जीएसएमचा ए४ सुमारे ८.१ ग्रॅम, १७० चा १०.६. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदम दहा कागद ठेवले की फरक स्पष्ट दिसतो. लॅमिनेशन असेल तर फिल्मचं वजन त्यात मिसळतं, म्हणून हा हिशेब लॅमिनेशन नसलेल्या नमुन्यावर करा.

तुमच्या पत्रकाला १७० ची गरज नाही, असं माझं मत आहे. दोन्ही बाजूंना फिल्म चढणार असेल तर १३० पुरेसा ताठ लागतो आणि घडीही नीट बसते. १७० घ्यायचाच असेल तर ओळीत ‘क्रीझिंगसह’ हे शब्द घाला. क्रीझिंग म्हणजे घडी घालण्याआधी त्या रेषेवर बोथट पात्याने दाब देऊन खाच पाडणं. जाड कागद खाच न पाडता दुमडला की घडीवरची शाई तडकते, आणि गडद रंगावर ती पांढरी रेघ लांबूनही दिसते. कागदाला धाटणी असते, म्हणजे तंतूंची दिशा, प्रेसमध्ये तिला ग्रेन म्हणतात. घडी ग्रेनला समांतर असेल तर सुबक बसते, आडवी असेल तर तडकते. तुम्ही फक्त ‘घडी ग्रेनला समांतर’ एवढं लिहा, पुढचं प्रेसवाला बघेल.

‘४+४’ म्हणजे पुढे चार रंग, मागे चार रंग. ४+० म्हणजे मागची बाजू कोरी, १+१ म्हणजे दोन्हीकडे एकेकच शाई. हे चार रंग म्हणजे सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक, एकत्र सीएमवायके. मोबाइलचा पडदा लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाने (आरजीबी) रंग दाखवतो, कागदावर शाई तो प्रकाश शोषून दाखवते. पडद्यावरचे काही रंग शाईत मुळातच नाहीत. जांभ्या दगडाची भिंत, कौलं, सारवलेलं अंगण हे सगळं छपाईत जवळपास जसंच्या तसं येतं. फसतो तो समुद्र. स्वच्छ उन्हातल्या पाण्याचा निळसर हिरवा रंग पडद्यावर चमकतो आणि कागदावर मळकट होतो. पिकल्या हापूसचा केशरीही थोडा बसतो. फाइल आरजीबीत पाठवली तर हे रूपांतर प्रेसचं मशीन आपोआप करतं आणि निकाल पार्सल उघडल्यावर कळतो. आधी स्वतः सीएमवायके करा, मग समुद्राच्या फोटोत मॅजेंटा आणि काळा थोडा कमी करून तो उजळून घ्या. मॅट लॅमिनेशनखाली रंग आणखी किंचित मऊ पडतात, तेही लक्षात ठेवा.

काळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. मजकूर फक्त काळ्या शाईचा ठेवा: के १००, बाकी तिन्ही शून्य. आरजीबीतला काळा रूपांतरात चारही शाईंचा होतो, आणि चार प्लेटा, म्हणजे प्रत्येक शाईचे वेगळे छापे, केसभर सरकल्या की बारीक अक्षराभोवती रंगीत सावली दिसते. मोठा काळा पट्टा असेल तर उलट: नुसता के १०० करडा वाटतो, तिथे सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० असं मिश्रण घ्या. चारही १०० मात्र कधीच नको. तेवढी शाई कागद पीत नाही, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर वाळायला आणखी वेळ लागतो, मग एका शीटची शाई दुसऱ्याच्या पाठीवर उमटते.

फोटोचा नियम सोपा आहे: छापायच्या आकारात ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके. ए४ भरून फोटो हवा तर २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून आलेला फोटो दाबला जातो आणि लांब बाजू बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. १६०० भागिले ३०० म्हणजे जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ आकारात येतो. प्रेसला फाइलही तशीच पाठवा. रस्त्यावरच्या फ्लेक्सला मात्र इतकी गरज नसते, लांबून बघायचं असल्याने ७२-१०० डीपीआय चालतो.

आता मराठी मजकूर. इंग्रजीत काम करणाऱ्या ऑनलाइन प्रेसकडे सगळ्यात जास्त पत्रकं इथेच बिघडतात. त्यांच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसतो, किंवा सॉफ्टवेअर देवनागरी जोडायला सेट केलेलं नसतं. मग ‘कि’मधली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, ‘स्वागत’ पाय मोडून ‘स्‌वागत’ होतं. आपल्याकडे आणखी एक खास घात आहे. ‘किनाऱ्यावर’ शब्दातला ऱ्य नीट टाइप झाला नसेल, किंवा मजकूर एका फाइलमधून दुसरीत चिकटवताना मधली अदृश्य खूण गळली, तर तो ‘किनार्यावर’ असा रफारासकट छापला जातो. तपासणाऱ्याची नजर त्यावरून सरकून जाते, कारण शब्द ओळखीचाच वाटतो. ‘ॲ’ जुन्या फॉन्टमध्ये नसतो, तिथे रिकामा चौकोन येतो. श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

यावर प्रेसच्या भाषेतला उपाय आहे: फॉन्ट कर्व्ह करणं. कोरलड्रॉत ‘कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज’, इलस्ट्रेटरमध्ये ‘क्रिएट आउटलाइन्स’. अक्षरांचं चित्र होतं, मग फॉन्ट असो नसो, फरक पडत नाही. पण त्यानंतर मजकूर बदलता येत नाही, म्हणून कर्व्ह न केलेली प्रत आधी वेगळ्या नावाने जपून ठेवा. इनडिझाइनमध्ये काम असेल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावलेला आहे ना ते बघा. देवनागरी ८ पॉइंटच्या खाली नेऊ नका. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं काढायची असतील तर १० पॉइंट आणि ठळक. बाजूची शाई आत पसरते आणि सगळ्यात आधी अनुस्वाराचा टिंब बुजतो.

‘मॅट लॅम बोथ साइड.’ लॅमिनेशन म्हणजे वरून चढवलेली पातळ प्लास्टिक फिल्म. ग्लॉस चकाकतं, मॅट मऊ दिसतं पण गडद रंगावर नखाचे ओरखडे धरतं. वॉर्निश किंवा यूव्ही कोटिंग हे द्रव लेप आहेत, स्वस्त पडतात, पण पाण्यापासून तेवढा बचाव करत नाहीत. आपल्या किनाऱ्यावर एका बाजूचं लॅमिनेशन टाळाच. कागदाची उघडी बाजू दमट हवेतलं पाणी ओढून फुगते, फिल्मची बाजू आहे तेवढीच राहते, आणि पत्रक फिल्मच्या दिशेने वळतं. जूनमध्ये टेबलावर ठेवलेला गठ्ठा दोन दिवसांत नळीसारखा होतो. दोन्ही बाजूंना फिल्म असली की ताण सारखा राहतो. तरी कापलेल्या कडा उघड्याच असतात, तेव्हा लॅमिनेटेड पत्रक पाण्यात बुडवता येईल असं समजू नका. स्पॉट यूव्ही, म्हणजे ठरावीक भागावरच चमक, हवी असेल तर तो भाग वेगळ्या पानावर निव्वळ काळ्यात काढून द्यावा लागतो. पत्रकाला त्याची गरज नाही.

‘१००० नग.’ ऑफसेट छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट करावी लागते आणि रंग जुळेपर्यंत काही शीट वाया जातात. हा खर्च ५०० नगांना तेवढाच आणि १००० ना तेवढाच, म्हणून दुप्पट नगांचा दर दुप्पट होत नाही. शंभर-दोनशे नग हवे असतील तर डिजिटल प्रिंट, तिथे प्लेट नाही. होमस्टेचे दर दरवर्षी बदलत असतील तर हजार प्रती छापून त्यावर पेनने खाडाखोड करण्यापेक्षा अडीचशे डिजिटल बऱ्या. किंवा दर पत्रकात छापूच नका, क्यूआर कोड द्या: पांढऱ्यावर काळा, किमान २ सेमी, आणि मुदत संपणाऱ्या फुकट सेवेवरून केलेला नको. खूप स्वस्त ऑफसेट दर दिसला तर ‘गँग जॉब आहे का’ असं विचारा. गँग म्हणजे एकाच शीटवर अनेकांची कामं, रंग सगळ्यांना मिळून एकच सेट होतो. शेजारच्या कामात गडद लाल असेल तर तुमचा केशरीही तिकडे झुकतो. व्हिजिटिंग कार्डाला हे चालतं, आंब्याच्या फोटोला मला पटत नाही. नगांत ५ ते १० टक्के कमी-जास्त चालेल अशी अट बारीक अक्षरात असते, तीही बघून ठेवा.

लेबल हा वेगळा विषय आहे. क्रोमो पेपरचं स्टिकर स्वस्त, पण फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटला की ते भिजून सुरकुततं. सरबताला पीपी किंवा पीव्हीसी या प्लास्टिक फिल्मचं स्टिकरच घ्या. पारदर्शक स्टिकर घेणार असाल तर खाली पांढरी शाई मागा, नाहीतर कोकमाच्या गडद रंगावर बाकी शाया दिसतच नाहीत. ‘हाफ कट’ म्हणजे स्टिकर कापलेलं पण मागचा कागद शाबूत, ‘फुल कट’ म्हणजे दोन्ही कापून सुटे नग. बाटलीचा व्यास ७० मिमी असेल तर घेर सुमारे २२० मिमी, पण समोरून वाचता येतो तो त्याचा जेमतेम तिसरा भाग, म्हणजे नाव ७० मिमीत मावलं पाहिजे. बॅच नंबर, तारीख, एमआरपी यासाठी कोरा चौकोन सोडा आणि लिहा: ‘या भागावर वॉर्निश किंवा लॅमिनेशन नको.’ चकचकीत फिल्मवर रबरी शिक्क्याची शाई बोटाने पुसली जाते. एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह डिझाइनच्या सुरुवातीलाच बसवा, शेवटी कोपऱ्यात कोंबू नका. बारकोड लाल किंवा केशरी पट्ट्यांत छापू नका, स्कॅनरचा लाल प्रकाश तो वाचत नाही.

बॉक्ससाठी माप नेहमी आतलं द्या आणि ‘आतलं माप’ असं लिहा. पाच प्लायच्या, म्हणजे पाच थरांच्या, पुठ्ठ्याची भिंतच सहा-सात मिमी जाड असते. बाहेरचं माप धरलं गेलं तर आंबे बसत नाहीत. तपकिरी क्राफ्टवर थेट छपाई होते ती फ्लेक्सोने, म्हणजे लवचीक ठशांनी, एक-दोन ठसठशीत रंगांत. तिथे पिवळा मातकट होतो आणि फोटो येत नाही. फोटो हवा तर वरचा कागद ऑफसेटवर छापून पेस्टिंग करावं लागतं, खर्च वाढतो. डाय म्हणजे बॉक्स कापण्याचा साचा, त्याचे पैसे एकदाच लागतात. डाय कुणाच्या मालकीचा राहणार हे कोटेशनवर लिहून घ्या. हवेची भोकं कुठे येणार ते डाय-लाइनवर, म्हणजे कापण्या-दुमडण्याच्या रेषांच्या आराखड्यावर, आधी बघा, नाहीतर बागेच्या नावातलं एखादं अक्षर भोकात जातं.

‘जीएसटी व फ्रेट एक्स्ट्रा’ म्हणजे कर आणि वाहतूक दरात धरलेली नाही, ती वेगळी लागणार. शेवटचा तुकडा: ‘५-७ वर्किंग डेज आफ्टर अप्रूव्हल.’ दिवस मोजायला सुरुवात पैसे भरल्यापासून होत नाही, तुम्ही प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायला दिलेला नमुना, ओके केल्यापासून होते. आणि डिस्पॅच म्हणजे माल त्यांच्याकडून निघणं, तुमच्या दारात येणं नव्हे. पुण्या-कोल्हापूरकडून येणारं पार्सल घाटातून उतरतं, जुलै-ऑगस्टमध्ये दरड आली की दोन-चार दिवस सहज जातात. पिनकोड ‘ओडीए’मध्ये, म्हणजे कुरिअरच्या नेहमीच्या हद्दीबाहेर, असेल तर जादा आकार लागतो. बॉक्ससारखा मोठा माल ट्रान्सपोर्टने कुडाळ किंवा कणकवलीच्या गोडाऊनला मागवून स्वतः उचलणं परवडतं. हापूसचे बॉक्स जानेवारीत हातात हवेत, तर ऑर्डर त्याआधी महिनाभर द्या.

प्रूफ पडद्यावर आलं तर त्यावर रंग तपासू नका, मजकूर तपासा. फोन नंबर मोबाइलवर डायल करून बघा, क्यूआर स्कॅन करा, आणि मजकूर घरातल्या दुसऱ्या कुणाला मोठ्याने वाचायला लावा. ओके दिल्यानंतर सापडलेली चूक तुमची. रंगाची खात्री हवी तर हार्ड प्रूफ, म्हणजे छापलेला नमुना, मागा, त्याच कागदावर, त्याच लॅमिनेशनसह.

तुमची ओळ मी अशी लिहीन: ‘माहितीपत्रक, उघडल्यावर ए४, ट्रायफोल्ड ९७-१००-१००, १३० जीएसएम ग्लॉस आर्ट, ४+४ ऑफसेट, मॅट लॅमिनेशन दोन्ही बाजूंना, क्रीझिंग व घडी घालून, घडी ग्रेनला समांतर, १००० नग, हार्ड प्रूफ एक, दर जीएसटी आणि मालवणपर्यंतच्या वाहतुकीसह.’ हीच तिघांना पाठवा आणि आलेले आकडे शेजारी ठेवा.

पार्सल आलं की फोडण्याआधी बाहेरून फोटो काढा, मग वरचे, मधले आणि तळाचे नग बघा, फक्त वरचे नको. तक्रारीची मुदत अटींमध्ये दिलेली असते, तेवढ्यात फोटोसह लेखी कळवा. पत्रकांचे गठ्ठे प्लास्टिकमध्येच ठेवा, लागतील तेवढे काढा. फडताळात ठेवताना ते भिंतीला टेकवू नका आणि जमिनीवर तर मुळीच नको, खाली एक फळी घाला.